तोंडाचा नॉब, कानाचा नॉब

इचलकरंजीच्या नव्या घरांत टाचणीच काय, वरवंटा पडला तरी पलीकडच्या खोलीत ऐकू येत नसे. भिंती मूक होत्या. मूकभिंत म्हणजे अंगावर आलेल्या प्रत्येक ध्वनिलहरीला नेमकी उलटी लहर भिडवणारी भिंत. चढाला उतार मिळाला की दोन्ही सपाट. पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकून विटलेल्या गावानं या भिंती हौसेनं बसवल्या. एका घरात तर मांजर दीड वर्ष स्वतःचं म्यांव न ऐकता जगलं आणि शेवटी भुंकायला लागलं. ते मांजर पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

माणसांचं बोलणं मात्र एकमेकांपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी बोलणाऱ्याच्या खोलीत माइक, ऐकणाऱ्याच्या खोलीत स्पीकर, दोन्हींना आवाज कमीजास्त करायचा एकेक नॉब, आणि मधे निवडक. निवडक म्हणजे तांदूळ निवडावेत तसा आवाज निवडणारं यंत्र. मोठ्यानं बोललेलं ते दाणे, ते पुढे जायचे. उसासे, पुटपुटणं, भांड्यांची आदळआपट हे खडे, ते बाहेर.

हा निवडक बनवला होता डॉ. हुस्ना मुजावर हिनं, आणि आज ती स्वतः श्रीपाल मगदूमांच्या हॉलमध्ये कपाळाला आठ्या घालून उभी होती. गावभरात या एकाच घरातला निवडक तीन वर्षं काही म्हणता काही निवडत नव्हता.

"काका, स्वयंपाकघरातला माइक एकवर आणि तुमचा हा स्पीकर दहावर! कुणी केलं हे?"

मगदूमांनी घाईघाईनं डोक्यावरची टोपी काढून हॉलच्या माइकवर घातली. चाळीस वर्षं मागांवर जॉबर, म्हणजे मागदुरुस्तीचा कारागीर, म्हणून काढलेला माणूस. कुजबुजला तरी झाडावरची पाखरं उडायची.

"एकवर मीच केला. हिची सकाळधरनं कटकट असायची, म्हणून चोरून उतरवला. दहावर कसा गेला, ते देवाला ठाऊक."

"तरीच एवढी खरखर! आधीच आवाज इतका बारीक केलात, की निवडकाला दाणा कुठला आणि खडा कुठला कळेना. त्यानं सगळंच पुढं ढकललं, आणि स्पीकरनं ते सगळंच फुगवलं. थांबा, दोन्ही पाचवर करते. स्वच्छ ऐकू येईल. नाहीतर हा स्पीकर जळेल एक दिवस."

"जळला तर नवा आणीन. हात लावू नगंस, पोरी."

"अहो, पण का?"

"कान लाव. ऐक."

हुस्नानं स्पीकरला कान लावला. खरखरीतून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि त्या ठेक्यावर काकूंचं, चंपाबाईंचं, पुटपुटणं.

"धाकटी नणंद सुनंदा. सुनंदाचा मुलगा... मुलगा... काय बाई त्याचं... शेजारीण अक्काताई. आणि आमचे हे श्रीपाल. श्रीपाल. श्रीपाल."

चंपाबाईंच्या तोंडून नवऱ्याचं नाव आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा त्या लाजून पळाल्या होत्या.

"विसराय लागलीया," मगदूम म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई. मलाबी न्हाई. रोज भाकऱ्या करताना अशी उजळणी करती. कुठलं नाव अडलं ते मला हितं कळतं. तू स्वच्छ करशील, आणि नेमकं हेच बाहेर टाकशील. मग मला कसं कळायचं?"

त्यांनी माइकवरची टोपी उचलली आणि गर्जना केली, "अगं, सुनंदाच्या भरतचा फोन आलता का?"

भाकरी थापायची थांबली.

"भरत," स्पीकर हळूच म्हणाला. "भरत. भरत." मग खणखणीत उत्तर आलं, "न्हाई आला! आणि वरडताय कशाला? मी काय बहिरी हाय?"

मगदूमांनी हुस्नाकडे पाहून डोळा मारला. ते डोळे ओले होते, पण मारायचा तो मारलाच.

हुस्नानं हत्यारं पिशवीत टाकली आणि कागदावर लिहिलं, 'पातळी योग्य.'

फाटकापाशी चंपाबाईंनी तिला गाठलं. हातात भाकरी-ठेच्याचं पुडकं होतं.

"पोरी, त्यांचा तो दहाचा नॉब मीच चढवलाय बरं का. तोंडानं सांगवंना, म्हणून. तू बोलू नगंस. त्यांना वाटतंय मला कळत न्हाई. वाटू दे."

त्या वर्षी राज्यात असे अकरा लाख निवडक बसले होते. सगळे उत्तम चालत होते.

हुस्नाचं घर तर नमुन्याचं. सगळे नॉब पाचवर, बोलणं काचेसारखं. त्या संध्याकाळी ती परतली तेव्हा तिचा नवरा मुनीर कोपऱ्यावर दूध आणायला गेला होता. तेवढ्यात तिनं त्याच्या खोलीतला माइक एकवर आणला, आपल्या खोलीतला स्पीकर दहावर नेला, आणि दार लावून बसली.

खरखर सुरू झाली. मुनीर परतल्याची पावलं वाजली. मग त्याचा दबका आवाज.

"हुस्ना, जरा बस. तुला एक सांगायचं होतं... छे. हुस्ना, रागावू नकोस, पण गेल्या वर्षापासून... नको. असं नको."

पुन्हा पहिल्यापासून. पाठ केलेलं म्हणावं तसं, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबत.

मग पावलं दारापर्यंत जाऊन परत आली, आणि त्याच स्पीकरमधून त्याचा रोजचा हसरा आवाज आला.

"चपला दिसल्या दारात. आलीस वाटतं? चहा टाकू का गं?"

हुस्नाचा हात नॉबवरच होता. यातल्या कुठल्या मुनीरला उत्तर द्यायचं, ते तिला ठरवता येईना.