कलोसची पेटी

"पेटी तूच दिलीस? शैला, तू?" तिच्या भावाचा, आनंदचा घास हातातच राहिला.

"विश्वंभरकाका म्हणाले, तात्यांनी मागवलीये!" शैलानं ताट बाजूला सारलं. "आणि आता विचारलं तर म्हणतात, कुठली पेटी?"

त्या पेटीत तात्यांची पंचवीस वर्षं होती. शैलाचे आजोबा जगदेवराव, म्हणजे तात्या, ग्रीक भाषेतल्या 'कलोस' या एकाच विशेषणामागे लागले होते. कलोस म्हणजे सुंदर, आणि चांगलाही! संस्कृतातल्या 'कल्य'शी, म्हणजे धडधाकटाशी, त्याचं नातं असावं. जुन्या ग्रीक सुरयांवर 'अमका कलोस' असं लिहिलेलं असे. कॅलिडोस्कोपमधला 'कॅल'ही तोच! एकेका वापराचं एकेक कार्ड. आता तात्यांना अक्षर दिसत नव्हतं. ती कार्डं पुन्हा होणं शक्य नव्हतं.

आणि ती नेली कुणी? तात्यांच्या लाडक्या शिष्यानं! दर रविवारी शैलासाठी शेवउसळ आणणाऱ्या काकांनी! शैलाला शेवउसळीचासुद्धा राग आला.

"चाल ने, चल लवकर!" शेजारची अहल्या धापा टाकत आली. "लहरीपुऱ्यातल्या सभागृहात काकांचं भाषण आहे. 'माझा कलोस-संग्रह'!"

"विश्वंभर असं करणार नाही," तात्या म्हणाले. पण काठी घेऊन उठले.

सभागृहात टेबलावर जाडजूड वही होती. तिच्यात सगळी कार्डं चिकटवलेली!

"कार्डं चिकटवतं का कुणी?" शैला कुजबुजली. "ती पत्त्यांसारखी मागंपुढं करायची असतात."

"मग मागे काहीतरी लपवलंय!" आनंद म्हणाला.

शैलाला एकदम आठवलं. तात्या कागद कधी विकत घेत नसत. घरी आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत!

"आणि कोपरे बघ," अहल्यानं कोपरानं ढोसलं. "खळ अजून ओलीच आहे!"

भाषण संपलं. "कुणाला काही प्रश्न?" अध्यक्ष सुभानरावांनी विचारलं.

शैला टेबलाशी गेली. "काका, एक कार्ड काढून बघू?"

"अरे बेटा, फाटेल ना!" काका हसले, पण घाम पुसत.

तोवर शैलाचं नख कार्डाखाली गेलं होतं. कार्ड अलगद सुटलं. सुभानरावांनी मागची बाजू मोठ्यानं वाचली. "चिरंजीव विश्वंभर यांचा शुभविवाह... आणि खाली शाईनं लिहिलंय, 'तात्या, तुम्ही आला नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही. तुमचा विश्वंभर.'"

काकांची मान खाली गेली. ती वर आलीच नाही.

"शाबास, पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसत्या टाळ्या वाजवत बसलो होतो," सुभानराव म्हणाले.

शैलाला मात्र रडू फुटलं. "तात्या, पेटी मीच दिली हो त्यांना!"

तात्यांनी कार्डावरून बोटं फिरवली. "मीही दिली असती गं, त्यानं मागितली असती तर."

घरी आल्यावर वहीतून सोडवलेली कार्डं काकांकडून परत आणलेल्या पेटीत भरून झाली. शैलानं हळूच विचारलं, "कुलूप लावू?"

पंचवीस वर्षांत त्या पेटीला कधी कुलूप नव्हतं. तात्यांनी पेटीचं झाकण बोटांनी चाचपलं.

"लाव," ते म्हणाले. "आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव."