मिनाहाराचा चंद्र, मुरुडचा चंद्र

अंगणात लख्ख ऊन होतं आणि बंडू म्हणाला, "आजी, चंद्रोदय झाला. नैवेद्य दाखवा."

बंडू म्हणजे शलाकाच्या घरातला यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). आजीने खिडकीतून डोकावून पाहिलं. नुकतेच साडेपाच वाजले होते.

"अरे बंडोपंत, सूर्य अजून समुद्राला टेकला नाही. तुला चंद्र कुठे दिसला?"

"मिनाहारा, जपान."

आजी वळली. शलाकाचे डोळे भरून आले होते.

"मीच बदललं त्याचं गाव. तू आत्ता कुठे तापातून उठलीस. संकष्टी म्हणून सकाळपासून दुधावर आहेस. चक्कर आली तर? वृंदामावशीने आत्ताच फोनवर चंद्र दाखवला. चंद्र एकच ना? मग जेव की!"

"लबाडे!" आजी हसली. तिने शाळेत भूगोल शिकवला होता. "पण प्रश्न चांगला आहे. नारळ आण बघू."

देवघरापाशी बसून आजीने नारळाला गंधाने एक तांदूळ चिकटवला. त्याच्या पश्चिमेला, थोडं अंतर सोडून एक तीळ.

"तांदूळ मावशीचं मिनाहारा, तीळ आपलं मुरुड. निरांजन हा चंद्र. पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. हं, फिरव हळू."

शलाकाने नारळ फिरवला. आधी तांदूळ उजळला. तीळ अजून अंधारातच होता.

"मावशीला दिसला! आपल्याला नाही!"

"पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते," बंडू म्हणाला. "म्हणजे तासाला पंधरा रेखांश (दोन ध्रुवांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषा). ज्या रेखांशावरून जपानची प्रमाणवेळ (देशभर पाळायची एकच वेळ) ठरते, तो आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या साडेबावन्न अंश पूर्वेला आहे."

शलाका बोटांवर मोजू लागली. "पंचेचाळीसचे तीन तास, उरले साडेसात... अर्धा तास. साडेतीन तास पुढे! म्हणून तिथे रात्रीचे नऊ!"

"तिथे दुकानं केव्हाच बंद, गाव चिडीचूप. आणि आपल्याकडे?" आजीने विचारलं.

"आपले शेट दुपारची झोप काढून आत्ता दुकान उघडतायत!"

दोघी हसल्या. "माझा चंद्र माझ्या आकाशात येऊ दे, बाळा," आजी म्हणाली. "देवाने इतकी वर्षं उपास करायची ताकद दिली, तर वाटही आनंदाने पाहीन. पण तुझी काळजी कळली हो मला. दे चार खजूर."

शलाकाने बंडूचं गाव पुन्हा मुरुड केलं.

नऊनंतर माडांमागून चंद्र वर आला. आजीने अर्घ्य दिलं, मोदकाचा नैवेद्य दाखवला. तेवढ्यात मावशीचा फोन आला. तिच्यासमोरही ताट होतं, न उष्टावलेलं.

"मावशी! तुझ्याकडे साडेबारा वाजून गेले! अजून जेवली नाहीस?"

"चंद्र केव्हाच दिसला गं. पण आई उपाशी असताना घास उतरतो होय?"

आजीने डोळ्यांना पदर लावला. "वेडी माझी पोर. घे आता." दोघींनी एकदमच मोदक मोडला.

"बंडू, आपल्या पश्चिमेला कोण आहे?" शलाकाने विचारलं.

"मस्कत, मग नैरोबी. तिथे चंद्र उगवायचा आहे अजून."

रोज सकाळी आजी पाय टेकण्याआधी भूमीला हात लावते, तसा शलाकाने जमिनीला हात लावला. "फिरत राहा हं, धरणीमाय," ती पुटपुटली. "तिकडेही कुणाची तरी आजी उपाशी असेल."