न उघडणारी छत्री

ऊन आधी नदीवर आले. मग चिंचेच्या शेंड्यावर थबकले, जणू अंगणात उतरू की नको असे विचारत होते... आणि मग अगदी सावकाश, एका छत्रीवरून दुसऱ्या छत्रीवर पाय ठेवत, ते सगळीकडे पसरले. वाळत ठेवलेल्या साठ छत्र्या! भिक्खूंच्या भगव्या छत्र्यांतून गाळून जमिनीवर पडताना त्याला पिकल्या फणसाच्या गऱ्याचा रंग येई, आणि नवरीच्या रेशमी छत्रीखाली निजलेले पांढरे मांजर पुरते गुलाबी होऊन जाई. मागच्या पडवीत बसून म्यो थांत हे सारे डोळे भरून पाहत होता. त्या उन्हात पाऊल टाकायला त्याला तीन वर्षे बंदी होती!

तीन वर्षांपूर्वी, भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपण्याच्या आदल्या दिवशी, विहारात दान द्यायच्या चाळीस छत्र्या कुणीतरी ओल्याच मिटून ठेवल्या. कापडाला लावलेला फळांचा चीक पुरता वाळण्याआधी छत्री मिटली, की ती पुन्हा उघडत नाही. बळेच उघडावी तर टरटरा फाटते. ब्रह्मदेशातल्या पाथेनच्या छत्रीकारांत याहून मोठा अपराध नाही. तो घडला होता म्यो थांतच्या थोरल्या भावाच्या, चॉ झिनच्या हातून... होणाऱ्या बायकोला सणाच्या दिव्यांच्या होडीवर गाठायच्या घाईत! लग्न पंधरा दिवसांवर, सासरा स्वतः छत्रीकार. त्याच्या कानावर हे गेले असते तर त्याने मुलगी दिली असती? वडील ऊ फो शीन यांनी "कुणी केलं?" म्हणून गर्जना केली, तेव्हा म्यो थांतच पुढे झाला होता.

"मी, आबा."

"माझ्या छत्रीला पुन्हा हात लावायचा नाही, अंगणात पाऊल टाकायचं नाही!" आबा एवढेच म्हणाले. तेव्हापासून तो मागे बसून चालायच्या काठ्या कोरत होता, आणि आपले दुःख एखाद्या ठेव्यासारखे उराशी जपत होता. आबांनी एकदा, फक्त एकदा, परत बोलवावे... याखेरीज त्याला जगाकडून काही नको होते!

आज वर्षावास पुन्हा संपला होता. आज धाकट्यांनी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची. अंगणात चटई पसरली होती, हलव्याचे तबक आले होते, आणि आईचा आवाज चढला होता.

"अहो, भिक्खूंची छत्री आहे ती! तिच्यावर काय रेलताय?"

"रेलतोय कुठं? तपासतोय."

"वर्षभर तपासताय! सात छत्र्यांची टोकं मोडलीत तपासून. गुडघा गेलाय म्हणा की सरळ."

"काठी म्हाताऱ्यांना लागते."

"आणि तुम्ही कोण, नवरदेव?"

म्यो थांतला हसू फुटले. त्याने मांडीवरची काळ्या रोगणाची काठी पुन्हा एकदा पुसली.

चॉ झिन आणि त्याची बायको न्वे वहिनी आबांपुढे बसली. चॉ झिनने हात जोडले. "कायेने, वाचेने, मनाने माझ्याकडून जे..." दरवर्षी तो इथेच भरभर पुढे सरके. आज तो तिथेच अडला.

"वाचेने नाही, आबा... न बोलून! त्या छत्र्या मी मिटल्या होत्या. म्यो थांत माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी तीन वर्षं गप्प बसलो!"

पहिली बोलली ती न्वे वहिनी.

"म्हणजे होडीवर तुमचे हात चिकट होते ते... मी समजले, घाबरून घाम फुटलाय! अहो, माझ्या लुंगीवरचा डाग अजून गेला नाही!"

आईने खांद्यावरच्या शालीचे टोक तोंडाला लावले. रडायला की हसायला, कोण जाणे! आबांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या. "तीन वर्षं... माझ्या लेकराला मी ऊन दिलं नाही रे!" म्हणत ते उठू गेले, तोच गुडघा लटपटला. म्यो थांत पडवीतून धावला, बंदीच्या उन्हातून धावला, आणि त्याने ती काठी आबांच्या मुठीत दिली.

म्हाताऱ्या बोटांनी काठी चाचपली. वरपासून खालपर्यंत बत्तीस बारीक पन्हळी. मिटलेल्या छत्रीच्या बत्तीस काड्या असाव्यात तशा.

"ही तर छत्री!"

"छत्रीच आहे, आबा. फक्त उघडत नाही."

आबा इतके खदखदून हसले, की गुलाबी मांजर दचकून पांढरे झाले! हसता हसता त्यांनी मुलाला छातीशी धरले. "उद्यापासून माझ्या शेजारी बस. तुझी जागा आहे ती."

हेच शब्द! यांच्यासाठीच तर तो इतका झुरला होता... आबा अंगणभर ऐटीत टक् टक् चालून दाखवत होते, सगळे 'हो' ऐकायला त्याच्याकडे पाहत होते, आणि त्याची नजर पडवीत अर्धवट राहिलेल्या चिंचेच्या लाकडाकडे वळली. त्यातून बगळ्याची चोच नुकती कुठे बाहेर येत होती.

छत्र्या त्याला पाहायला आवडत. करायला कधीच आवडल्या नव्हत्या.