आधी आलेली दाद

हे सगळं मला नीट आठवतंय, असं छातीठोकपणे सांगवत नाही. महिना कोणता होता यावरूनच माझं आणि बायकोचं अजून वाजतं. कोडं मात्र पक्कं आठवतं.

आमच्या संगीत मंडळाच्या पत्रिकेत दर महिन्याला एक कोडं असे. पाच जुन्या मैफलींच्या ध्वनिफितींची यादी द्यायची. वाचकांनी त्या फिती मंडळाच्या वाचनालयातून आणून ऐकायच्या आणि पाचही रचनांना जोडणारा छुपा धागा शोधायचा. कधी पाचांतही एकच सूर वगळलेला असे, कधी पाचही एकाच गुरूच्या घरी जन्मलेल्या निघत. मी संगीताच्या इतिहासाचा प्राध्यापक. चहा संपायच्या आत उत्तर लिहून मोकळा होत असे.

या कोड्यानं तीन आठवडे माझ्या नाकी नऊ आणले. दोन गायक, एक गायिका, एक व्हायोलिन, एक बासरी. राग वेगळे, ताल वेगळे, शहरं वेगळी. पहिल्या आणि शेवटच्या फितीत एकेचाळीस वर्षांचं अंतर. मी वह्या भरल्या, पानं फाडली, जेवताना बोटांनी मात्रा मोजल्या.

"अहो, कोडं आहे ते, डॉक्टरेट नाही," बायको म्हणाली. "ती मिळालीय तुम्हाला."

त्याच दिवसांत धाकट्या बहिणीची मैफल जवळ आली होती. संसार आणि आईचं आजारपण यांत तिचं गाणं बारा वर्षं अडगळीत पडलेलं. आता मोठ्या सभागृहातून बोलावणं आलं होतं, आणि पुन्हा येईल याची खात्री नव्हती.

"दादा, तासभर बसून ऐक ना माझं," ती दोनदा येऊन म्हणाली.

"एवढं सुटू दे, मग ऐकतो."

"तुझं सुटेपर्यंत मी म्हातारी होईन."

मी ऐकलं नाही. याची बोच अजून आहे.

मैफलीच्या आदल्या दुपारी मी गायिकेची फीत विसाव्यांदा लावली होती. बायको शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हा गृहस्थ कोण? भारी घाई आहे त्याला."

"कोण गृहस्थ?"

"अहा म्हणणारा. बाई गाते नंतर, हा दाद देतो आधी."

मी हसलो. आम्हा जाणकारांचे कान सुरावर असतात. श्रोत्यांची दाद आम्ही खोकल्यासारखी सोडून देतो. तरी फीत मागं घेतली.

"अहा…"

श्वासाइतका हलका, समाधानी आवाज. आणि तीन-चार सेकंदांनी गायिकेनं सुरांची अशी नाजूक जागा घेतली, की कुणीही अहा म्हणावं.

मी बासरी लावली. तोच आवाज, तसाच आधी. व्हायोलिन लावलं. दोन्ही गायक लावले. एकेचाळीस वर्षांत तो आवाज जराही म्हातारा झाला नव्हता. शिवाय पाचही फितींत तो एका ठिकाणी थांबतो. पुढं अर्ध्या मिनिटात फीतच संपते.

मी तसाच वाचनालयात गेलो. फिती सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, "या पाचही अपुऱ्या का?"

त्या कपाट बंद करता करता थांबल्या. "अपुऱ्या नाहीत हो, सर… गाणंच तिथं संपलं. पाचही जण वाजवता-गाताना बसल्या जागी गेले."

घरी येऊन मी स्वतःलाच रागावलो. योगायोग, म्हातारे कान, तीन आठवड्यांचं जागरण. बहिणीला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत बसलो. सभागृहाला नव्या रंगाचा वास होता. धाकटी उत्तम गात होती. माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी उत्तम. सातव्या-आठव्या मिनिटाला डोळे आपोआप मिटले.

"अहा…"

मग जागा आली.

मी वळून पाहिलं. मागं माणसं होती, सगळी गप्प. पुन्हा "अहा…" आणि पुन्हा जागा. या वेळी आवाज मागून आला नव्हता.

मी उठलो. मंचावर कसा चढलो ते आठवत नाही. तंबोऱ्याच्या तारांवर मी पंजा दाबून धरला, एवढं आठवतं.

"थांब. गाऊ नकोस."

"दादा… खाली जा." तिचे ओठ जेमतेम हलले. "लोक बघताहेत."

"पाया पडतो तुझ्या. एक सूरही नको."

सभागृहात हशा पिकला, मग शिट्ट्या. धाकटी उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली. मी दार वाजवत राहिलो. तिला पुन्हा कुणीही बोलावलं नाही, आणि ती माझ्याशी नऊ वर्षं बोलली नाही.

पुढच्या पत्रिकेत कोड्याचं उत्तर छापून आलं: पाचही रचना मुळात तान्ह्या बाळांना निजवण्यासाठी केलेल्या होत्या. बस्स, एवढंच. मला तेही सुचलं नव्हतं. म्हणजे मी एका चुकीच्या उत्तरापायी बहिणीचं गाणं संपवलं, असं नऊ वर्षं मला वाटत राहिलं.

मग ते सभागृह बंद झालं आणि तिथल्या ध्वनिमुद्रकानं त्या संध्याकाळची फीत तिच्याकडे पाठवली. ती घेऊन धाकटी आली. चप्पलही न काढता म्हणाली, "दादा, लाव."

माझं ओरडणं झालं. तिचं "खाली जा" झालं. कडीचा आवाज, मग तिचं हुंदके देणं. आणि त्या हुंदक्यांत…

"अहा…"

धाकटीचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. "इथं मी वरचा सूर घेणार होते," ती पुटपुटली. पुन्हा अहा. "इथं… इथंही." न गायलेल्या गाण्याला तो जागेआधी दाद देत होता. अकरा मिनिटं. मग गप्प झाला.

तिचं बोट थांबलं नाही.

"संपलं?" मी विचारलं.

"नाही, दादा. पुढं अजून निम्मं होतं."

ध्वनिमुद्रक आता थकला आहे, पण मी त्याला गाठून विचारून घेतलं. त्या संध्याकाळी मुद्रणाचा माईक एकच होता, बिनतारी, तिच्या गळ्याशी चिमट्यानं लावलेला. सभागृहातलं कुणीही त्यात ऐकू येण्यासारखं नव्हतं. माझं ओरडणं आलं, ते मी तिच्या तोंडाशी वाकलो होतो म्हणून. आणि खोलीत ती एकटीच होती.