अनुयाचं विरजण

"आभा, चार वाजता माझी नोकरी जाणार आहे," अनुया फोनवर म्हणाली. "त्याआधी येशील?"

आभा तेव्हा आपल्या लेकीच्या, मितालीच्या तोंडात बोट घालून पेपरचा बोळा बाहेर काढत होती. तो निघाला, तशी तिने चप्पल घातली.

खांदा कॉलनीतल्या फ्लॅटच्या दारावर 'खाजगी तपासनीस' अशी पाटी लावून दुसरं वर्ष उजाडलं होतं. सासूबाईंचा, म्हणजे आशालताबाईंचा, त्या पाटीवर अजून विश्वास बसत नव्हता. पण नातीला एकटं कुणाकडे ठेवायचं? त्यामुळे तपास कुठलाही असो, मितालीला कडेवर घेऊन त्या सोबत असायच्याच.

"मैत्रिणीच्या केंद्रात चोरी?" रिक्षात त्यांनी विचारलं.

"चोरी नाही आई. काहीतरी मेलंय म्हणे."

"अगंबाई!"

पळस्प्याच्या पुढे उपयोजित विज्ञान आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाचं राष्ट्रीय केंद्र होतं. फाटकावर सुरक्षारक्षकाने मितालीची दुपट्यांची पिशवीसुद्धा उघडून पाहिली.

"आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा तपासता?" आभाने विचारलं.

"सगळ्यांच्या बॅगा, मॅडम. सकाळपासून बाहेर मात्र कुणीच गेलेलं नाही."

अनुया दारातच उभी होती. डोळे सुजलेले. तिने त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि कपाटाएवढी एक पेटी दाखवली.

"ही उबेची पेटी. हिच्यात माझ्या जिवाणूंच्या नळ्या होत्या. मासळी बाजारातली घाण, डोकी, आतडी, सगळ्याचं हे जिवाणू खत करतात, आणि वास मारतात. विरजणासारखंच आहे बघ. थोडंसं घातलं की वाढत जातं. पण मूळ विरजण हवं! आज चार वाजता ते भामाताईंच्या कोळणींच्या बचत गटाला द्यायचं होतं. सगळं मेलं. पेटीचं बटण शेवटच्या आकड्यावर होतं."

"फ्रीजमध्ये थोडं ठेवायचं नाही का?" आशालताबाई म्हणाल्या.

"हा जीव गारठ्यात मरतो, काकू. आपल्या अंगाची ऊब असते ना, तेवढीच त्याला लागते. जास्त झाली तरी मरतो."

आभा एकेक नळी उजेडात धरून पाहत होती. प्रत्येक नळीत घट्ट खळीसारखा थर आणि त्यावर पिवळट साय. एका नळीपाशी ती थांबली. त्या सायीवर एक बारीक, सरळ रेघ होती.

"ही कशाची?"

अनुयाने नळी घेतली. तिचा चेहरा बदलला. "तारेने बी, म्हणजे थोडं विरजण, उचललंय इथून. मी नाही उचललं! सकाळी साय अखंड होती."

"रेघ कशी आहे?"

"सराईत. खालचा थर जरासुद्धा फाटलेला नाही. मला हे जमायला वर्ष लागलं."

"सकाळनंतर इथे कोण आलं होतं?"

"तिघं. आमचे संचालक, भामाताई आणि शैलेश म्हणून एका खत कंपनीचे गृहस्थ. गटाला जमलं नाही तर हे खत बनवायचा परवाना त्यांच्या कंपनीला जातो. मी कार्यक्रमाचा मंडप बघायला गेले होते. दार उघडंच होतं."

संचालक डॉ. कमलाकर एसी लावून बसले होते. चहा आला. त्यांनी कप उचलला, तशी बशी खडखड वाजली. दोन्ही हातांनी धरूनही थोडा चहा टेबलावर सांडलाच.

"यात तपास कसला?" ते म्हणाले. "मुलीने बटण चुकीचं फिरवलं. हलगर्जीपणा. चार वाजता दिल्लीला निलंबनाचा मेल जाणार."

"तुम्ही प्रयोगशाळेत गेला होतात, सर?"

"पाहुण्यांना दाखवायला. मी फिजिक्सचा माणूस. त्या बुरशीकडे लांबूनच बघतो."

मंडपाशी भामाताई हिरव्या नव्या लुगड्यात बसल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जाड पट्टीत गुंडाळलेलं.

"मासा चावला का हो?" आशालताबाईंनी विचारलं.

"मासा कशाला चावतोय? कोयता लागला काल." भामाताई हसल्या, मग पुढे सरकल्या. "बाई, अनुया मॅडम आमच्या बाजारात नाकाला रुमाल न लावता बसायच्या. आमी जाळ्या-टोपल्या सोडून सा महिने शिकलो. आता बोलतात सगला मेला. आमी घरी काय सांगू? शेजारच्या सोसायटीवाले बाजार उठवायला टपलेलेच हायेत."

"तुम्ही आत एकट्या होतात?"

"व्हते की. हात जोडले न् भायेर आले. देवाच्या खोलीसारखी वाटते ती."

शैलेश व्हरांड्यात बसला होता. वर पत्रा तापलेला, आणि अंगात सूट. कपाळावरून घाम ओघळत होता.

"अरे, आत एसी आहे ना?" आशालताबाईंना राहवेना. "निदान कोट तरी काढ बाबा!"

"एसी मानवत नाही, काकू. आणि कार्यक्रम आहे ना आता."

मितालीने भूक लागल्याचा सूर लावला. आशालताबाई एका हाताने पेजेचा फ्लास्क उघडू लागल्या, ते काही जमेना.

"द्या इकडे," म्हणत शैलेशने फ्लास्क डाव्या हातात तिरका धरला. उजव्या हातात मितालीची वाटी घेतली. त्याच हाताच्या करंगळीने त्याने झाकण फिरवलं, करंगळीतच मुडपून ठेवलं, पेज ओतली आणि झाकण पुन्हा लावलं. एक थेंब सांडला नाही.

"बघ आभा!" आशालताबाई कौतुकाने म्हणाल्या. "झाकण कुठे टेकवलं नाही. माझा लेक, तुझा नवरा अपूर्व, तर झाकण सोफ्याखाली टाकतो, मग मी रांगत शोधते."

आभा हसली. "तुम्ही जिवाणूंचं काही शिकलात का, शैलेश?"

"छे हो! मी बी.कॉम., मार्केटिंगवाला. ती नळी कुठून उघडतात, तेही मला माहीत नाही."

आभाने मितालीचं तोंड पुसलं. "आई, सगळ्यांना सभागृहात बोलवायला सांगा."

"कळलं तुला? मला तर त्या संचालकाचाच संशय येतोय. किती गुरगुरतो!"

"गुरगुरणं हा गुन्हा असता, आई, तर आपल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी कधीच आत गेला असता."

सभागृहात संचालक घड्याळाकडे बघत होते. अनुया मागच्या खुर्चीत, हात मांडीवर घट्ट धरून.

"हा हलगर्जीपणा नाही," आभाने सुरुवात केली. "आधी कुणीतरी जिवंत बी उचललं आणि मग बटण फिरवून बाकीचं मारलं. नळीच चोरली असती तर आरडाओरडा झाला असता. पेटी तापली तर दोष अनुयाचा, गट रिकाम्या हाताने परत, आणि परवाना दुसऱ्याला."

"पुरावा?" संचालक म्हणाले.

"सायीवरची रेघ. ती शिकलेल्या हाताची आहे. सर, तुमच्या हातात बशी वाजते. तुमच्याकडून तो थर फाटला असता. भामाताईंचा अंगठा आणि बोट पट्टीत आहे, तार धरणार कशाने? आणि बी मेल्यावर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच. अनुयाला बी चोरायचं कारणच नाही, ते तिच्याच हाताखाली होतं. उरले शैलेश."

"मला नळी उघडता येत नाही, हे मी सांगितलंय," शैलेश म्हणाला.

"हो. पण त्याआधीच माझ्यासमोर फ्लास्क उघडला होतात. अनुया, नळीचं झाकण कसं काढता तुम्ही?"

अनुया उठून उभी राहिली. नकळत तिच्या हाताने हवेतच ती खूण केली. डाव्या हातात नळी तिरकी, उजव्यात तार, आणि झाकण करंगळीत मुडपलेलं. "खाली ठेवायचं नाही. हवेतले जंतू लागतात. पहिल्या दिवसापासून हेच घोकून घेतात. मग चहाचा डबासुद्धा असाच उघडला जातो."

आशालताबाईंचा हात तोंडावर गेला. "आणि मी त्याचं कौतुक केलं!"

"झाकण नीट धरलं म्हणून मी चोर?" शैलेश ओरडला.

"नाही. त्यावरून फक्त खोटं बोललात एवढं कळलं," आभा म्हणाली. "चोर आहात की नाही, ते कोट सांगेल. बी गारठ्यात मरतं म्हणून एसी नको. फाटकावर बॅग बघतात म्हणून ते बॅगेत नको. ऊब हवी, अंगाची. आतल्या खिशात काय आहे?"

शैलेश दाराकडे वळला. दारात भामाताई उभ्या होत्या, आणि त्या बाजूला सरल्या नाहीत.

खिशातून बोटाएवढी नळी निघाली, रुमालात गुंडाळलेली. अनुया ती घेऊन धावली. संचालकांसकट सगळे तिच्यामागे. तिने कणभर काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काच हळूहळू सरकवत राहिली.

"अनुया?" आभाने विचारलं.

"वळवळतायत," ती म्हणाली. "सगळे जिवंत आहेत!"

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. पोलिसांची जीप शैलेशला घेऊन गेली, तेव्हा मंडपात खुर्च्या कमी पडत होत्या. कोळणींनी टाळ्यांचा नुसता गजर केला होता. संचालकांनी वाचलेल्या बीची नळी उचलली आणि पुढे केली.

भामाताईंनी हात मागे घेतला.

"तुमच्याकडून नाय साहेब. जिच्यावर आळ घेतलात, तिच्या हातून घेईन."

कमलाकरांनी नळी अनुयाच्या हातात दिली, माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "माझी चूक झाली. हे संशोधन डॉक्टर अनुयाचं आहे. हस्तांतरण तीच करेल."

अनुया पुढे आली आणि तिने नळी भामाताईंच्या डाव्या हातात ठेवली.