उलट्या बांधणीची कादंबरी

"ही पोरगी एवढे दिवस होती तरी कुठं?"

भूमच्या बाजारात, पुस्तकं बांधणाऱ्या बब्रुवानच्या ओट्यावर, एक मुलगी उघडं पुस्तक हातात धरून विचारत होती. कल्याणप्पानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

पुस्तक त्याच्या छोट्या वाचनालयाचं होतं. मुलांसाठीची जुनी मराठी अद्भुत कादंबरी. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, पुस्तकंही उर्दू, उजवीकडून उघडणारी. बब्रुवानचा हात त्याच वळणाचा. नावाचा कागद त्यानं सवयीनं मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवला होता. उघडलं की समोर शेवटचं पान – ढगांच्या गावाहून परतलेली मुलगी स्वतःच्या दारात उभी.

"ते... सुरुवातीपासून वाचल्यावर कळतं," तो म्हणाला.

"पण हे लहान पोरांचं ना?"

कल्याणप्पा गोंधळला. त्यानं स्वतःच ते कितीदा वाचलं होतं. "ज्याला लांब जावंसं वाटतं... आणि विचारायला भीती वाटते, त्याला आवडेल."

ती हसली नाही. पुस्तक पदराखाली घेऊन गेली. धान्याचे व्यापारी चन्नबसप्पा यांची ही लेक महानंदा, एवढं बब्रुवानकडून कळलं. आणि हेही, की तिला पाहायला जवळच्या वाशी गावचे पाहुणे येणार आहेत. तो आठवडा कल्याणप्पाला वाचनात गोडी वाटली नाही.

पुढच्या बाजारी ती वाचनालयाच्या पायरीशी आली. भाचरांना वाचून दाखवता दाखवता पोरं झोपली, मग आपणच पुढं वाचलं, असं सांगू लागली. त्याला मात्र दुसरंच विचारायचं होतं.

"पाहुणे... येऊन गेले?"

"व्हय. वहिनीकडून मुलाला विचारून घेतलं, ढगांच्या गावाला जायला मिळालं तर जाल का?"

"मग?"

"म्हणाला, तिथं जमीन किती आहे?"

कल्याणप्पाला हसू आवरेना. ती मात्र त्याच्याकडं रोखून पाहत राहिली.

"अप्पांना मी न्हाय म्हणून सांगितलंय. आता तुम्ही सांगा. तुम्ही जाल?"

बाहेर बैलगाड्यांचा गलबला चालूच होता.

"एकटा न्हाय जाणार," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही... येणार असाल तर."

महानंदाचे कान लाल झाले. "तिकडची वाट आमच्या दुकानावरून जाते," ती हळूच म्हणाली. "अप्पा आत्ता तिथंच आहेत."

कल्याणप्पानं दाराला कडी लावली. ती पुढं, तो मागं – लोकांना संशय येऊ नये एवढं अंतर राखून. पेठेच्या वळणावर ती थांबली, आणि तो जवळ पोचेपर्यंत हललीच नाही.