निळ्या घराचा जिना

मला घाबरवणारा अजून जन्माला यायचाय. पाल सोडून. आणि एकदा मांजर होतं, पण तेव्हा दिवे गेले होते, ते धरू नका.

तर पोरांनो, सरकून बसा. आणि तू, चष्मिस, तो मोबाईल उलटा ठेव. गोष्ट तुझ्याच खेळाची आहे, म्हणजे मध्येच शहाणपणा शिकवशील. मी सातवीत दोनदा बसलोय, काही चुकलं तर गिळून टाक.

माझा भाचा बंदुकांच्या खेळांचे नकाशे बनवतो. तुम्ही ज्या घरांतून, गल्ल्यांतून एकमेकांना गोळ्या घालत पळता, ती बांधणारा गवंडी. फक्त याच्या हाताला सिमेंट लागत नाही.

हा नकाशा झेंड्याच्या डावाचा होता. एका टोकाला लाल घर, दुसऱ्या टोकाला निळं. समोरच्यांच्या घरातला झेंडा पळवायचा आणि आपल्या घरात, माडीवर नेऊन टेकवायचा. दोन्ही बाजू अगदी सारख्या लागतात, नाहीतर तुमच्यासारखी कार्टी शिव्या घालतात. म्हणून हे लोक अर्धाच नकाशा बांधतात आणि आरशात दिसावा तसा उलटा करून पलीकडे चिकटवतात.

भाच्याने लाल घर म्हणून स्वतःचंच घर बांधलं. खिडक्या, कठडा, अंधारा जिना, सगळं. त्याच जिन्यावरून पडून त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. हा शेजारच्या खोलीत खेळत होता, कानांवर हेडफोन. दादाने हाका मारल्या होत्या की नाही, हे याला कधीच कळणार नाही. माझ्या बहिणीने, म्हणजे त्यांच्या आईने, त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच वाईट झालं. तेव्हापासून पोराला एकच हवं होतं. दादाने एकदा आपल्याकडे वळून बघावं, बोलावं. शिवी दिली तरी चालली असती.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे आठ चाळीस. सकाळी नकाशा द्यायचा होता, म्हणून शेवटची मोजणी करायला तो ऑफिसात एकटाच थांबला. मोजणी म्हणजे घड्याळ लावून एका घराच्या माडीवरून दुसऱ्या घराच्या दारापर्यंत पळायचं. लाल घराच्या माडीवरून निघाला. बावीस सेकंद. निळ्याच्या माडीवरून निघाला. तेवीस.

आरशातलं घर ते. जास्तीचा सेकंद येणार कुठून? पुन्हा मोजलं. तेवीस. तुम्ही असता तर ‘चालतंय’ म्हणून जेवायला गेला असता. हा निळ्या घरात शिरून एकेक खोली तपासत बसला. खोल्या बरोबर. माडी बरोबर. जिन्यावर मात्र त्याचा वेग कमी व्हायचा. कुणाच्या तरी अंगाला घासून जावं लागावं, तसा.

जिन्यावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर ओळ आली. लाल झेंडा पळवला.

नकाशावर तो एकटा. बाहेरच्या कुणाला आत यायची वाटच नाही. तो धावत गल्लीत आला. गल्ली रिकामी. मागे वळला... तर निळ्या घरात कुणीतरी जिना चढत होतं. पाठीवर लाल झेंडा. डावा खांदा जरा खाली.

दादाचा उजवा असायचा. आरशात डावा होतो ना...

हा माईकमध्ये म्हणाला, “दादा.”

पाठ वळली नाही.

“दादा, मी आहे.”

एक पायरी. अजून एक. वर झेंडा टेकला की डाव संपतो, सगळं बंद. तीन पायऱ्या उरल्या. दोन...

या खेळात पळणाऱ्याला थांबवायचा एकच उपाय असतो. बोटाला बारा वर्षांची सवय. बोटाने डोक्याला विचारलंच नाही.

गोळी सुटली.

तो पडला. जिन्यावरून... तळापर्यंत.

चेहरा खाली.

आता खेळात मेलेला पाच सेकंदांनी पुन्हा उठतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. उठायच्या जागा नकाशेवाल्याने आधीच खुणा करून ठेवलेल्या असतात. भाचा थांबला. पाच सेकंद. दहा. मिनिट...

सव्वानऊला बहिणीने मला धाडलं, पोरगा फोन उचलत नाही म्हणून. मी दाराआडून भुताचा आवाज काढायच्या तयारीत होतो. त्याचं तोंड बघितलं आणि आवाज घशातच राहिला. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. पडद्यावर निळ्या घराचा जिना होता. तळाशी आता कुणी नव्हतं. एक हिरवा ठिपका होता फक्त. उठायची जागा. त्याने ती तिथे कधीच केली नव्हती. लाल घराच्या जिन्याखाली तशी नव्हतीच, म्हणजे आरशातून आली म्हणायचीही सोय नाही. प्रत्येक खुणेपुढे ती करणाऱ्याचं नाव येतं म्हणे, इथे ती जागा कोरी.

मी म्हटलं, मशीन आहे, चुकलं असेल. पुसून टाक तो ठिपका, सकाळी नकाशा दे त्यांना. आई ताटकळलीय, चल घरी.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

“पुसला तर दादा उठणार कुठून, मामा?”